खिशातलं बूच

शिडाची होडी चालवायला शिकायचं असेल तर कोकणात कुठे जावं, असं गेल्या महिन्याभरात मला ओळखीच्या चौघांनी विचारलं. प्रत्येकाला मी गाव सांगितलं, रस्ता सांगितला, जेवण कुठे चांगलं मिळतं ते सांगितलं आणि उरलेलं टाळलं. टाळण्याची मला सवय आहे. एक गोष्ट मी अडतीस वर्षं टाळत आलो. आता त्र्याहत्तरावं संपत आलं, अक्षर अजून चांगलं आहे, तेव्हा प्रवास आणि ती गोष्ट एकदाच लिहून टाकतो. दोन्ही वेगवेगळी लिहिता येतील असं वाटलं होतं. येत नाहीत.

पुणे

निमित्त केतकीचं. केतकी ही माझी मुलगी, वय त्रेचाळीस, राहते विश्रांतवाडीला, कंपनीतून सहा महिन्यांची रजा घेतलेली. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी नारायण पेठेत आमच्याकडे जेवायला आली आणि वरणभात कालवताना म्हणाली, "मी सेलिंग शिकणार आहे."

"गल्लीत गाडी लावायला अजून खालच्या साठ्यांना हाक मारतेस," माझी बायको सुधा म्हणाली. "समुद्रात कोण येणार आहे?"

"समुद्रात पार्किंग नसतं, आई. बाबा, तुम्ही करायचात ना? तुम्हीच चला माझ्याबरोबर, गाव निवडायला."

करायचो हे खरं होतं. पुण्यापासून तासाभरावर एका धरणाच्या पाण्यावर आमचा बारा-पंधरा जणांचा क्लब होता. तीन लहान शिडाच्या होड्या, एक पत्र्याची शेड आणि बाबल. बाबल आमचा होडीवाला. मालवणच्या खाली, एका खाडीच्या तोंडाशी त्याचं गाव. आम्हाला शिडं त्यानेच शिकवली. मी क्लबचा चिटणीस होतो. बाबलची नोकरी माझ्यामुळे गेली. चूक माझी होती, शिक्षा त्याला झाली आणि मी ती होऊ दिली. त्यानंतर मी होडीत पाय ठेवला नाही. घरी कारण सांगितलं कंबरेचं.

केतकीने लॅपटॉपवर तक्ता केला. गावं दोन: एक अलिबागच्या अलीकडे, दुसरं हर्णैच्या बाजूला. तिसरं, बाबलचं गाव, मी घालायला लावलं.

"तिथे शिकवतात का तरी?" तिने विचारलं.

"खाडी आहे. नवशिक्याला खाडी बरी. लाटा नसतात."

हे खरं होतं. निम्मं खरं बोलण्यात मी तरबेज आहे.

निघताना सुधाने औषधांचा डबा हातात दिला. "खालच्या कप्प्यातपण आहे," म्हणाली. मला वाटलं, सुंठ असेल.

अलिबागच्या अलीकडे, अष्टमी

पुण्याहून हे गाव सगळ्यांत जवळ. पहाटे निघालो, वाटेत पोहे खाल्ले, रमतगमत बाराला पोचलो. शिकवणाऱ्या संस्थेच्या धक्क्यावर उभं राहून पाहतो तर समुद्रच नाही. म्हणजे होता, पण फर्लांगभर लांब. मधे नुसता चिखल आणि चिखलात सहा होड्या कुशीवर पडलेल्या. संस्थेच्या दाराला कुलूप.

धक्क्याच्या कडेला एक म्हातारी कोळीण शिंपले फोडत बसली होती. तिला विचारलं, "आज बंद आहे का?"

"तिथी काय आज?" तिने उलट विचारलं.

"अष्टमी," मी म्हणालो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे तेवढं माहीत होतं.

"मंग आठाची पाऊणपट करा."

"सहा."

"सहाला भरती. तेवा पानी येल. बाराला कशाला आलाव?"

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा तिकडचा हिशोब. शेंबड्या पोरालाही तो येतो. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून मी पस्तीस वर्षं पाण्याचे नकाशे काढले, पण आमचं पाणी भिंतीमागे असतं आणि आदेशाशिवाय हलत नाही. केतकी चिखलाकडे पाहून हसायला लागली ती थांबेचना.

दुपारी एका घरी जेवलो. मला वालाचं बिरडं, केतकीला सुरमई. ती मासे खाते हे मला माहीत नाही असं आम्ही दोघं मानतो, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून जेवली. जेवणानंतर घरमालकिणीने मला पडवीत चटई टाकून दिली. न मागता. दुपारी एक ते चार माणसाने आडवं व्हावं याबाबतीत कोकणाचं आणि पुण्याचं एकमत आहे. फरक एवढाच की तिथे दारावर तशी पाटी लावत नाहीत.

सहाला पाणी आलं आणि माणसंही आली. मुंबईहून शनिवार-रविवारला येणारी मंडळी, मोठ्या होड्या, फोटो. शिकवणारे हसतमुख होते, पण दोरी मुख्यतः तेच ओढत होते. केतकीने तक्त्यात लिहिलं: "शिक्षक गोड. पाणी कधीकधी."

हर्णैच्या बाजूला

इथला शिक्षक निवृत्त नौसैनिक. आवाज परेडचा, शिस्तही तशीच. होड्या लखलखीत, प्रत्येकाच्या अंगात तरंगतं जाकीट, सोबत एक मोटारबोट. केतकी पहिल्या अर्ध्या तासातच खूश झाली. अडचण एकच, किनारा उघडा. होडी लाटांमधून ढकलत न्यावी लागते. मदत करायला म्हणून मी गुडघाभर पाण्यात गेलो. लाटेने मला सोडलं, माझी डावी चप्पल मात्र नेली. उजवी घेऊन मी वाळूत बसलो.

होडी बाहेर जायच्या आधी मी सवयीने तिच्या मागच्या फळीकडे वाकून पाहिलं होतं. सगळं जागेवर होतं. तरी शिक्षकाला विचारलं, "हे कोण तपासतं?"

"सगळेच बघतात, काका."

"सगळे म्हणजे कोण?"

"काका, तुम्ही शिकायला आलात की इन्स्पेक्शनला?"

 सगळेच बघतात याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं.

संध्याकाळी खोलीवर औषधांच्या डब्याचा खालचा कप्पा उघडला. सुंठ नव्हती. कापसात गुंडाळलेलं एक रबरी बूच होतं, काळं, अंगठ्याएवढं, वर पितळेची कडी आणि कडीत निळ्या दोरीचा एक तुकडा.

अडतीस वर्षांपूर्वी पँट धुवायला घेताना सुधाने ते खिशातून काढून विचारलं होतं, "हे कशाचं?" मी म्हणालो होतो, "सायकलच्या पंपाचं. टाकून दे." मला वाटत होतं तिने टाकलं. तिने शिवणयंत्राच्या खणात ठेवलं होतं.

मी फोन लावला. "सुधा, हे काय दिलंस?"

"सायकलच्या पंपाचं आहे ना. म्हटलं, प्रवासात लागेल."

मी निळ्या दोरीचा तुकडा बोटाला गुंडाळला. मग तीच म्हणाली, "अहो, सांगून या."

दाभोळची फेरी

सकाळी नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस. केतकी म्हणाली, "माझ्या मते हेच ठिकाण. तिसऱ्याला जायची गरज काय?"

"जाऊ या."

"बाबा, तुम्ही आधीच काहीतरी ठरवून आला आहात."

दाभोळला खाडी ओलांडायला फेरीबोट आहे, गाडीसकट चढायचं. पाऊण तास थांबलो आणि मग दहा मिनिटांत पलीकडे. त्या दहा मिनिटांत मी तिला सांगितलं. कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत. तिच्याकडे बघून जमलं नसतं.

लहान होडीच्या मागच्या फळीला एक भोक असतं. होडी काठावर ओढली की भोकाचं बूच काढायचं, आत साचलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि बूच परत लावायचं. त्या रविवारी सकाळची फेरी मारून मी होडी ओढली, बूच काढलं. पाणी सावकाश जात होतं. साडेबारा वाजले होते आणि मला घरी जेवून दुपारची झोप गाठायची होती. बूच खिशात घातलं आणि स्कूटरला किक मारली. दुपारी दुसरे एक सभासद तीच होडी घेऊन गेले. मध्यावर ती भरली, वाऱ्याचा झोत आला आणि उलटली. डोलकाठीखाली त्यांचा हात मोडला. बाबलने उडी मारून त्यांना काठाला आणलं.

"आणि बूच तुमच्या खिशात," केतकी म्हणाली.

"संध्याकाळी कळलं. बुधवारी सभा होती. बाबलला विचारलं, तर तो म्हणाला, साहेब, होडी मी धुतली होती, माझ्याच हातून राहिलं असेल. त्याला खरंच तसं वाटत होतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी इतिवृत्त लिहीत होतो."

"काय लिहिलंत?"

मला ते पाठ आहे. "होडीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला, सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे."

"पुढच्या सभेत ते वाचून कायम झालं असणार."

"हो. एकमताने."

"दुरुस्ती काही?"

"'सबब'च्या आधी स्वल्पविराम राहिला होता. तो घातला."

तिने केस मागे बांधले. मग विचारलं, "आणि पाटी?" पुण्याचीच मुलगी ती.

"लावली. शेडवर. होडी नेण्यापूर्वी बूच तपासावे, कसूर अक्षम्य समजली जाईल, आज्ञेवरून, चिटणीस."

केतकी कठडा सोडून फेरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. पलीकडचा धक्का लागला, फळी पडली, गाड्या सुरू झाल्या. ती येऊन स्टिअरिंगवर बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "तिसरं गाव किती लांब आहे?"

खाडीच्या तोंडाशी

गाव लहान आहे. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोहोंच्या मधे इतका अरुंद रस्ता की समोरून रिक्षा आली तर एकाने कुणाच्या तरी अंगणात शिरायचं आणि तिथल्या माणसाशी दोन शब्द बोलून बाहेर पडायचं. आम्ही तीन अंगणं पाहिली. तिसऱ्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळालं. असं सांबारं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. केतकी या वेळी मासे सोडून तेच जेवली, माझ्याकडे तोंड करून. फेरीनंतर पहिल्यांदाच.

"इथे शिडाची होडी शिकवतात का?" तिने विचारलं.

"शालन शिकवता. थंय, वाळूत," अंगणातल्या आजी म्हणाल्या.

वाळूत चारजण डोळे मिटून उभे होते आणि घुबडासारखी मान इकडून तिकडे फिरवत होते. त्यांच्यासमोर पन्नाशीची एक बाई, कमरेला ओढणी खोचलेली, हातात दोरी. ती सांगत होती, "वारो डोळ्यांनी बघूचो नसता, कानांनी आयकूचो असता. दोनय कानांत सारको लागलो काय समजा, तोंड वाऱ्यार आसा."

अडतीस-चाळीस वर्षांपूर्वी धरणाच्या काठावर मी असाच डोळे मिटून मान फिरवत उभा होतो. शब्द हेच होते.

मग त्यांनी होडी पाण्याकडे नेली. पाण्याला लागण्याआधी शालनने थांबवलं आणि मोठ्याने विचारलं, "बूच?"

मागच्या माणसाने वाकून हात लावला. "आहे."

"आहे नाय. आसा म्हणा. आहे म्हटलेला माझ्या होडयेक समाजणा नाय."

"आसा!"

"घाला पाण्यात."

ती माणसं गेल्यावर मी जवळ गेलो. विचारलं, "ही हाळी द्यायची पद्धत कुणाची?"

"बाबांची," ती म्हणाली. आमच्याशी ती शुद्ध बोलायची, मधूनच घसरायची. "बाबा पुण्याकडे होडीवर कामाला होते. त्यांच्या हातून एकदा बूच लावायचं राहिलं. एका माणसाचो हात मोडलो. तेव्हापासून बूच विचारल्याशिवाय त्यांनी एकही होडी पाण्यात घातली नाही. जेवतानापण मधेच थांबायचे. म्हणायचे, शालू, मी धुतली तेव्हा होतां काय गे तां? माका आठवत कसां नाय?"

"आता कुठे असतात?"

"गेले. दोन पावसाळे झाले. तुम्ही वळखत होतास बाबांना?"

"तो आमच्याकडे..." मी सुरुवात केली. क्लबात सगळे त्याला अरे-तुरे करायचे, वयाने मोठा असूनही. "ते आमच्याकडे होते. ज्या क्लबात होते, त्याचा मी चिटणीस."

"चिटणीससाहेब!" तिचा चेहरा उजळला. "बाबा सांगायचे, मोत्यासारखं अक्षर."

त्यानंतर थांबणं शक्य नव्हतं. मी बूच काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. खिसा, स्कूटर, बुधवारची सभा, स्वल्पविराम. केतकी माझ्या शेजारी उभी होती. तिने मधे एकदाही मदत केली नाही, आणि ते बरोबर केलं.

शालनने बूच फिरवून पाहिलं. निळ्या दोरीवरून बोट फिरवलं. मग ती पूर्ण मालवणीत गेली.

"मरासर तो आठवत रवलो. छत्तीस वर्सां. होतां काय नव्हतां, होतां काय नव्हतां. आणि तुमच्याकडे होतां."

"हो."

"तो परत इलो म्हणान मी होडी शिकलंय, ह्यां खरां. पण म्हणान तुमची चूक बरी झाली असां समजा नको."

"नाही समजत."

तिने खाडीकडे पाहिलं. लांबवर चौघांचं शीड फडफडत होतं, कुणीतरी वारा चुकवला होता. "ओढा! दोरी ओढा!" ती जोरात ओरडली. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "माका सांगून काय उपयोग? उद्या सकाळी आठाक या. बाबांका सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी

तिथी द्वादशी, भरती नऊच्या पुढेमागे. या वेळी मी पाऊणपट करून गेलो होतो. होडीत शालन सुकाणूवर, केतकी पुढे, मी मधे. जाकिटाचे पट्टे शालनने स्वतः खेचून बांधले, जरा जास्तच घट्ट.

"बूच?" तिने विचारलं.

होडी ढकलायला मागच्या फळीजवळ मीच होतो. वाकलो, हात लावला. अडतीस वर्षांनी. "आसा," मी म्हणालो. आवाज लहान आला.

"आयकाक येवक नाय."

"आसा!"

सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, अलगद, पाठीवर हात ठेवल्यासारखा. माड मागे सरकत गेले. पाण्याचा रंग आधी चहासारखा, मग हिरवा, मग एका रेघेपलीकडे एकदम निळा. दोरी माझ्या हातात होती आणि हातांना आठवत होतं, किती ओढायचं, कधी सोडायचं. कंबर अजिबात दुखली नाही. केतकीने मागे वळून पाहिलं आणि मला हसताना पकडलं. मला लाज वाटली, तरी हसू गेलं नाही.

खाडी संपते तिथे, निळ्या रेघेवर, शालनने होडी वाऱ्यावर वळवली. शीड सैल पडलं.

"बाबांची रक्षा हयसर सोडलेली," ती म्हणाली. "बोला आता."

मी रात्रभर वाक्यं तयार केली होती. तोंड उघडलं. शीड फडफडत होतं, पाणी होडीच्या पोटाला थापट्या मारत होतं, आणि मला नावच घेता येईना. बाबल म्हणू? तो तर माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. गावातले होडीच्या म्होरक्याला म्हणतात तसं बाबलतांडेल म्हणू? तेवढ्यात शीड भरलं, आडवी काठी डोक्यावरून फिरली, शालन ओरडली, "दोरी!" आणि मी दोरी ओढली. मी दोरीच ओढत राहिलो.

किनाऱ्याला लागल्यावर तिने विचारलं, "झालां बोलून?"

"नाही."

ती रागावली नाही. ते जुनं बूच माझ्या हातात परत देत म्हणाली, "मग ह्यां तुमच्याकडेच ठेवा. येताना घेवन येवा. शिकवणी होळीनंतर आसा. दोघांचीय नावां लिवतंय."

"माझं वय..."

"इचारूक नाय मी."

परत पुणे

तर, विचारणाऱ्यांसाठी: वेळ थोडा असेल तर अलिबागकडे जा, तिथी बघून जा. शिस्त आणि मोठा समुद्र हवा असेल तर हर्णै चांगलं, चप्पल गाडीत ठेवा. आणि खरोखर शिकायचं असेल तर मालवणच्या खालची खाडी. पाणी शांत, सकाळचा वारा नेतो, दुपारचा परत आणतो, आणि होडी पाण्यात घालण्याआधी एक बाई मोठ्याने प्रश्न विचारते. केतकीच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे: "आसा."

क्लब कधीच बंद पडला. इतिवृत्ताची वही चिटणीस म्हणून माझ्याच माळ्यावर होती. आल्यावर ती काढली, ते पान उघडलं आणि समासात लिहिलं: "वरील नोंद खोटी आहे. बूच चिटणीसाच्या खिशात होते व ते त्यास सभेपूर्वी ठाऊक होते." खाली सही केली. सूचक म्हणून सुधाने सही केली, अनुमोदक म्हणून केतकीने. सुधाने वाचून एवढंच म्हटलं, "स्वल्पविराम बरोबर आहेत ना, बघा."

होळीनंतर आम्ही जातो आहोत. मी रोज गच्चीवर डोळे मिटून उभा राहतो आणि दोन्ही कानांत वारा सारखा लागतो का ते पाहतो. खालचे साठे वर येऊन विचारून गेले, तब्येत बरी आहे ना. निळ्या रेघेवर या वेळी आवाज फुटेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून जे तिथे राहून गेलं ते इथे लिहून ठेवतो.

बाबलतांडेल, तुम्ही होडी धुतलीत तेव्हा बूच तिथे नव्हतंच. तुमच्या हातून काही राहिलं नाही. ते माझ्या खिशात होतं, आणि तुम्ही सभेत मान खाली घालून उभे होतात तेव्हा मला ते माहीत होतं. मला माफ करा.